जुन्या कॅम्पर व्हॅनमध्ये एसीची हवा मागच्या बिछान्यापर्यंत कशी न्यावी

गेल्या मे महिन्यात आम्ही घरचे पाचजण गुहागरला निघालो होतो. माणगावच्या अलीकडे नेहमीसारखी गाड्यांची रांग लागली आणि तासभर गाडी मुंगीच्या पावलांनी सरकत राहिली. स्टिअरिंगवर माझ्या मनगटांना गार वारा लागत होता. मागे बिछान्यावर आडवे झालेले बाबा मात्र घडी केलेल्या वर्तमानपत्राने वारा घेत होते. "एसी लावलायस ना रे?" त्यांनी विचारलं. बनियन पाठीला पार चिकटलं होतं त्यांचं. एसी लावलेला होता, पूर्ण वेगावर होता, आणि त्याच महिन्यात गॅसही भरून घेतला होता. वर्षभरातली ती दुसरी खेप.

मुंबईला परतल्यावर तीन रविवार मी गाडीच्या आत घालवले, तेव्हा कुठे उलगडा झाला. गार हवा तयार होत होती, पण मागे पोहोचत नव्हती. म्हणून जुनी व्हॅन घेऊन तिचा कॅम्पर, म्हणजे झोपायची-राहायची सोय असलेली गाडी, करणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो, की गॅसची नळी लावू देण्याआधी हवेची वाट तपासा. त्यातही, हवा बाहेर येते ती तोंडं नंतर बघा. ती कॉइलकडे, म्हणजे हवा गार करणाऱ्या नळ्या-पात्यांच्या जाळ्याकडे, परत कुठून जाते ते आधी बघा.

माझी गाडी म्हणजे पूर्वी टुरिस्ट म्हणून चाललेली टेम्पो ट्रॅव्हलर. ड्रायव्हरच्या मागे छतात कूलिंग कॉइलची पेटी, तिच्यातून दोन्ही बाजूंच्या खिडक्यांवरून मागपर्यंत गेलेले डक्ट, म्हणजे हवेच्या बंद वाटा, त्यांना चार-चार गोल लूव्हर, म्हणजे हवा सोडणारी उघड-मिट होणारी तोंडं, आणि टपावर उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर. तुमच्या गाडीत पेटी मागे असेल, किंवा मारुतीच्या ओम्नी-ईकोसारखी फक्त डॅशबोर्डमध्ये असेल. जागा बदलते, नियम तेच राहतात. इथे लिहिलंय ते इंजिनवर चालणाऱ्या एसीबद्दल आहे.

काम समजायला एवढं पुरे: ब्लोअर, म्हणजे एसीचा पंखा, गाडीतलीच हवा ओढतो, कॉइलमधून नेतो, कॉइल तिच्यातली उष्णता आणि ओल काढून घेते, आणि गार हवा डक्टमधून बाहेर पडते. ती हवा गाडीभर फिरून पुन्हा ब्लोअरकडे यायला हवी. हे चक्र जिथे अडेल तिथे एसी हरला, मग गॅस कितीही भरा.

पहिली पायरी: दोष थंडाव्याचा की हवेचा, ते ठरवा

यासाठी एक स्वयंपाकघरातला टोकदार डिजिटल थर्मामीटर आणि एक मोठी कचऱ्याची पिशवी लागते. दुपारी गाडी सावलीत लावा, दारं-खिडक्या बंद करा, ब्लोअर पूर्ण वेगावर, बाहेरची हवा घेणारा फ्लॅप बंद. इंजिन साधारण १५०० आरपीएमवर दहा मिनिटं चालू द्या. हे मोकळ्या जागेत करा, बंद गॅरेजमध्ये किंवा बिल्डिंगखालच्या कोंदट पार्किंगमध्ये नको, तिथे धूर कोंडतो.

कॉइलच्या सर्वांत जवळच्या लूव्हरमध्ये थर्मामीटरचं टोक घाला. ८ ते १२ अंश दिसले तर थंडावा चांगला आहे. मुंबईच्या दमट दुपारी एखाद-दोन अंश जास्त दिसले तरी घाबरू नका. १८-२० अंशांच्या खाली उतरतच नसेल, तर दोष गॅस, तो दाबणारा कंप्रेसर किंवा कंडेन्सर यांच्याकडे आहे. एसीवाल्याकडे जा, आणि आधी गळती शोधायला सांगा. गॅस 'कमी झालाय' म्हणजे तो कुठून तरी गेलाय. गळती बुजवल्याशिवाय भरलेला गॅस पुन्हा जाणार, आणि एसीत भरतात तो आर-१३४ए हा गॅस वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट जबर आहे.

आता पिशवी. ती पूर्ण चपटी करा, तोंड एका लूव्हरवर हाताने घट्ट धरा आणि मोबाइलवर सेकंद मोजा. प्रत्येक लूव्हरला तीच पिशवी, तशीच चपटी करून. आकडे वहीत लिहा. माझ्या गाडीत पहिल्या लूव्हरवर पिशवी ४ सेकंदांत टम्म फुगली, बिछान्यावरच्या शेवटच्या लूव्हरवर तिला १४ सेकंद लागले. तापमान मात्र पहिल्या लूव्हरला ११ अंश होतं. म्हणजे गॅसवाल्याकडे जायचं कारणच नव्हतं.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. सुरुवातीला वारा चांगला येतो, अर्ध्या-पाऊण तासाने मंदावत जातो, एसी बंद करून थोड्या वेळाने लावला की पुन्हा चांगला येतो, आणि मधल्या वेळात गाडीखाली भरपूर पाणी पडतं. हे दिसलं तर कॉइलवर बर्फ जमतोय. हवा कमी ओढली जात असेल, कॉइल फार गार झाली की कंप्रेसर थांबवणारा थर्मोस्टॅट बिघडला असेल किंवा गॅस कमी असेल तर असं होतं. पहिलं कारण आपल्या हातातलं आहे, तिथूनच सुरुवात करा.

दुसरी पायरी: परतीची वाट

या पायरीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवायला सांगेन, कारण जुन्या गाडीचा कॅम्पर करताना नेमकी हीच वाट बुजते आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

ब्लोअर ज्या जाळीतून हवा आत ओढतो ती शोधा. माझ्या गाडीत ती कॉइलच्या पेटीच्या तळाशी, छतालाच होती. टुरिस्ट गाडीत तिच्याखाली मोकळा पॅसेज होता. सुतारानं तिथे डब्या-भांड्यांसाठी छताला टेकलेलं कपाट केलं. कपाट सुबक झालं, आणि जाळीचा दोन-तृतीयांश भाग त्याच्या प्लायने झाकला गेला. सुताराचा दोष नाही, त्याला जाळी म्हणजे नुसती जाळी दिसली. ती कशासाठी आहे ते मी त्याला सांगायला हवं होतं.

कपाट उतरवलं तेव्हा जे दिसलं ते आजही डोळ्यांसमोर आहे. उघड्या राहिलेल्या भागावर बोटभर जाड, नमद्यासारखा राखाडी थर. गादीच्या काथ्याची धूळ, प्लायचा भुसा, केस, आणि त्यात अडकलेला पेपरमिंटचा केशरी कागद, गाडीच्या आधीच्या आयुष्यातला. एका टोकाला धरून ओढला तर सगळा थर गोधडीसारखा एकसंध निघून आला.

आता हिशेब करा, तो दोन मिनिटांचा आहे. माझे लूव्हर ६० मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे प्रत्येकी सुमारे २८ चौरस सेंटिमीटर. आठ मिळून २२६. परतीची जाळी २० बाय ४५ सेंटिमीटर, म्हणजे ९००. त्यातला दोन-तृतीयांश कपाटाने झाकला, उरले ३००. जाळीच्या पट्ट्या निम्मी जागा खातात, उरले १५०, आणि त्यावर तो थर. म्हणजे बाहेर पडायला २२६ आणि आत यायला दीडशेहूनही कमी. ब्लोअर बिचारा नळीतून सरबत ओढल्यासारखा हवा ओढत होता. माझा नियम असा आहे, की परतीची मोकळी जागा, पट्ट्या वजा करून, सगळ्या लूव्हरच्या बेरजेच्या किमान दीडपट हवी. जास्त असेल तर उत्तम, इथे जास्तीचं नुकसान काही नाही.

मी कपाट १५ सेंटिमीटर खाली घेतलं आणि जाळीखालची जागा पूर्ण मोकळी ठेवली. तुम्हाला कपाट हलवणं शक्य नसेल तर त्याच्या वरच्या भागात बोगद्यासारखा रस्ता ठेवा आणि दोन्ही बाजूंना मोठी जाळीदार तोंडं द्या.

तपासायची सोपी रीत म्हणजे टिश्यू पेपर. ब्लोअर चालू असताना तो जाळीजवळ न्या. जाळीच्या सगळ्या भागांत तो चिकटून बसला पाहिजे. एका कोपऱ्यात चिकटतो आणि दुसऱ्यात गळून पडतो असं झालं तर आत काहीतरी अडलंय.

आणि पडदा. आपण कॅम्परमध्ये बिछान्याचा भाग वेगळा करायला जाड पडदा किंवा सरकतं दार लावतो. पडदा ओढला की मागच्या लूव्हरमधून आलेल्या हवेला पुढे परत जायला रस्ता उरत नाही. बंद डब्यात हवा भरायला गेलं तर ती थोडी शिरते आणि थांबते. मागचे लूव्हर पडदा ओढल्यावर मंद होतात ते याचमुळे. पडद्याच्या वर आणि खाली वीतभर फट ठेवा. दार असेल तर त्याच्या वरच्या भागात जाळी बसवा. बाबांची अर्धी तक्रार नुसता पडदा खालून कापून गेली.

तिसरी पायरी: फिल्टर, कॉइल आणि ब्लोअरचं चाक

बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि पेटी उघडा. फिल्टर नायलॉनच्या जाळीचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवून लावा. घरच्या एअर प्युरिफायरचा दाट फिल्टर कापून बसवण्याचा मोह होतो, मुंबईच्या धुळीत तो समजण्यासारखाही आहे. पण जुन्या ब्लोअरला तेवढा जोर नसतो. साधी जाळी दर महिन्याला धुणं जास्त फायद्याचं.

कॉइलवर टॉर्च मारून आरपार बघा. पात्यांमधून उजेड दिसत नसेल तर हवाही जात नाहीये. आधी मऊ ब्रशने पात्यांच्या दिशेनेच धूळ झाडा, आडवा ब्रश मारला की ॲल्युमिनियमची पाती दुमडतात. दुमडलेली पाती फिन-कंगव्याने सरळ होतात. मग गाडीच्या कॉइलसाठी मिळणारा फेसाचा क्लीनर मारा, पंधरा मिनिटं थांबा, आणि फवाऱ्याच्या बाटलीने साध्या पाण्याने धुवा. मोटर आणि वायरचे जोड प्लास्टिकने झाकून घ्या, खाली ट्रे धरा, हातमोजे आणि मास्क घाला. पावसाळ्यानंतर उघडलेल्या कॉइलवर बुरशी असते आणि ती नाकात जाऊ देण्यासारखी नसते. घरच्या एसीच्या बाहेरच्या युनिटसाठी वापरतात तो आम्लाचा क्लीनर इथे नको, कॉइल खाऊन टाकतो.

त्याच वेळी पाणी निघायच्या नळ्या तपासा. मुंबईच्या हवेत कॉइल तासाला बरंच पाणी काढते, आणि नळी तुंबली की ते छताच्या प्लायमध्ये मुरतं. नळीत वरून ग्लासभर पाणी ओता, ते सरळ खाली गाडीबाहेर पडलं पाहिजे.

ब्लोअरचं चाक, आमचा एसीवाला त्याला पिंजरा म्हणतो, हातात घेऊन बघा. त्याची पाती आतून वळलेली असतात आणि त्या खोलगट भागात तेलकट धूळ बसते. पाती भरली की चाक तेवढ्याच वेगाने फिरतं, पण हवा कमी फेकतं. जुन्या टूथब्रशने एकेक पातं साफ करा. माझ्या दोन चाकांना दीड तास लागला.

कुणी पूर्वी मोटर बदलली असेल तर फिरण्याची दिशा जरूर तपासा. तारा उलट जोडल्या गेल्या तर पिंजरा उलटा फिरतो, आणि गोची अशी की उलटा फिरूनही तो हवा त्याच तोंडातून बाहेर टाकतो, फक्त बरीच कमी. त्यामुळे कुणाला संशय येत नाही. चाकाच्या कवचाचा गोगलगायीसारखा आकार ज्या दिशेने रुंदावत तोंडाकडे जातो, त्याच दिशेने चाक फिरायला हवं. उलट असेल तर दोन तारांची अदलाबदल केली की झालं.

चौथी पायरी: ब्लोअरला वीज पुरती मिळते का

इथे मल्टीमीटर लागतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर साधा डिजिटल मल्टीमीटर घ्या, या कामाला तो पुरतो. इंजिन चालू, ब्लोअर पूर्ण वेगावर. आधी बॅटरीवर व्होल्टेज मोजा, १३.८ ते १४.२ च्या आसपास यावं. मग ब्लोअरच्या दोन तारांवर, जोड न काढता मोजा. अर्ध्या व्होल्टपर्यंत फरक चालेल. माझ्याकडे ११.६ आलं.

जुन्या गाडीत हे दोन व्होल्ट जातात कुठे? स्विचच्या झिजलेल्या संपर्कात, हिरव्या पडलेल्या जोडात, बारीक तारेत, आणि अनेकदा अर्थच्या, म्हणजे वीज गाडीच्या पत्र्यातून परत नेणाऱ्या तारेच्या, गंजलेल्या बोल्टमध्ये. १५ अँपिअर ओढणाऱ्या ब्लोअरच्या वाटेत सगळं मिळून ०.१५ ओहम रोध असला तरी २.२५ व्होल्ट तिथेच संपतात, आणि ३३-३४ वॅट उष्णता त्या जोडात साचते. बोट लावून बघितलेला जोड चटका देत असेल तर तोच चोर. प्लास्टिक तपकिरी पडलं असेल तर आजच बदला, पुढची पायरी आगीची असते.

उपाय असा: जुना स्विच फक्त रिले, म्हणजे थोड्या विजेवर मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच, चालवण्यासाठी ठेवा, आणि ब्लोअरला वीज थेट बॅटरीवरून रिलेमधून द्या. ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, बॅटरीपासून वीतभर अंतरात २० अँपिअरचा फ्यूज, आणि अर्थची वेगळी तार, रंग खरवडून चकचकीत केलेल्या पत्र्यावर. हे आकडे १५ अँपिअरच्या एका ब्लोअरचे आहेत. दोन ब्लोअर असतील तर प्रत्येकाला वेगळी तार, वेगळा रिले, वेगळा फ्यूज. तार लोहार चाळीत मीटरवर मिळते. दुकानदाराला 'ऑटो वायर, तांब्याची' असं स्पष्ट सांगा, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार घेऊ नका. वायरिंगची सवय नसेल तर हे काम वायरमनकडून करून घ्या आणि फ्यूज कुठे बसवला ते स्वतः डोळ्यांनी बघा.

ब्लोअर फक्त शेवटच्या वेगावर चालतो आणि खालच्या वेगांवर मुका राहतो, असं असेल तर बहुतेक वेळा ब्लोअरचा वेग कमी करणारा रेझिस्टर जळालेला असतो. तो वेगळा मिळतो आणि सहज बदलतो.

पाचवी पायरी: डक्टची गळती

बाहेर पडणारी हवा लूव्हरपर्यंत पोहोचते का, हे अगरबत्तीने कळतं. ब्लोअर चालू ठेवून पेटती अगरबत्ती डक्टच्या प्रत्येक सांध्यापाशी हळूहळू फिरवा. धूर सरळ वर जायचा तो एका जागी फटकन बाजूला वळला की तिथे फट आहे. फोम आणि पडद्यांपासून अगरबत्ती लांब ठेवा.

माझ्याकडे मुख्य गळती मागच्या कपाटांमागे निघाली. सुतारानं डक्टच्या पुढे प्लाय बसवला आणि लूव्हरसमोर भोक पाडलं, पण दोन्हींमध्ये चार बोटं अंतर राहिलं. लूव्हरमधून निघालेली अर्धी हवा त्या पोकळीत शिरून छताकडे जायची. म्हणजे आमची भांडी गार आणि माणसं घामाघूम. त्या अंतरात मी ७५ मिलिमीटरच्या नळीचे तुकडे बसवले, दोन्ही टोकांना क्लिप लावून, आणि लूव्हर प्लायच्या बाहेरच्या अंगाला आणले. ही नळी आणि क्लिपा नागदेवी स्ट्रीटला मिळतात.

सांधे बंद करायला ॲल्युमिनियम फॉइलची टेप वापरा. पॅकिंगची खाकी टेप उन्हात तापलेल्या छताखाली महिन्याभरात सुटते. टेप लावण्याआधी जागा स्पिरिटने पुसून कोरडी करा, टेप लावल्यावर चमच्याच्या पाठीने घासून बसवा.

नवी नळी टाकायची वेळ आली तर तीन गोष्टी. शक्य तितकी मोठी घ्या: ७५ मिलिमीटरच्या नळीचं तोंड ४४ चौरस सेंटिमीटर असतं, १०० मिलिमीटरच्या नळीचं ७८. व्यास थोडाच वाढतो आणि रस्ता पावणेदोन पट होतो. वळ्यांची नळी असेल तर ती पूर्ण ताणून बसवा, सैल सोडलेल्या नळीच्या घड्या हवेला धरून ठेवतात. आणि काटकोनात वळवू नका, मोठा बाक द्या.

आता मुंबईची खास गोष्ट. बाहेर ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असते तेव्हा सुमारे २७ अंशांच्या खालच्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं. तुमच्या डक्टमध्ये हवा १२-१३ अंशांची असते. म्हणजे उघडा डक्ट माठासारखा पाझरणारच. ते पाणी प्लायमध्ये जातं, प्लाय फुगतो, बुरशी धरते, आणि दोन पावसाळ्यांत गाडीला तो ओळखीचा कुबट वास लागतो. डक्टला बाहेरून किमान ९-१० मिलिमीटरचा नाइट्राइल रबर फोम गुंडाळा, काळा, चिकट पाठीचा मिळतो तो. सांध्यांमध्ये फट ठेवू नका. ओल फोमच्या मागे शिरली की ती तिथेच राहते. यामुळे मागच्या लूव्हरपर्यंत जाताना हवा तापायचीही थांबते, विशेषतः डक्ट पत्र्याच्या टपाला चिकटून गेला असेल तर.

सहावी पायरी: हवा वाटून घेणे

वाट मोकळी झाली की पहिल्या लूव्हरमधून जोराचा वारा येतो आणि तो सोडवत नाही. पण हवा आळशी असते, जवळचं तोंड उघडं दिसलं की तिथूनच पळते. कॉइलजवळचे दोन लूव्हर अर्धे मिटा, मधले पाऊण उघडे ठेवा, मागचे पूर्ण. पुन्हा पिशवी लावून मोजा आणि जुळवत न्या. सगळे समान करण्याचा हट्ट नको. जिथे माणूस झोपतो तिथे जास्त हवी.

लूव्हरचं तोंड सरळ अंगावर ठेवू नका, थोडं वर आणि पॅसेजकडे वळवा. गार हवा जड असते, छताजवळ सोडली तर आपोआप खाली उतरते. जुने लूव्हर मोडले असतील तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडला टुरिस्ट गाड्यांचे सामान ठेवणारी दुकानं आहेत. जुना लूव्हर सोबत न्या, नुसत्या मापावर बसणारा मिळत नाही.

ओम्नी-ईकोवाल्यांसाठी: डॅशबोर्डची मधली दोन तोंडं छताकडे वळवा, आणि पुढच्या सीटच्या मागे, छतालगत, १२ व्होल्टचा एक शांत पंखा मागच्या दिशेने बसवा. तो पुढची गार हवा उचलून मागे टाकतो आणि गरम हवा खालून पुढे येते. डॅशबोर्डच्या तोंडाला नळी घट्ट जोडून मागे नेण्यापेक्षा हे सोपं आहे आणि बरंच चांगलं चालतं. लहान ब्लोअरला लांब नळीचा भार पेलत नाही.

एवढ्यावर कमी वाटलं तर उष्णता आत येऊच न देण्याकडे वळा. टपाच्या आतून फोम, टपाला पांढरा रंग, उभी असताना काचांवर बाहेरून चकचकीत पडदे. काचांवर काळी फिल्म लावण्याआधी आरटीओत विचारा: २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा फिल्मवर बंदी घातली होती, आणि नियमाप्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे.

टपावरच्या कंडेन्सरकडेही नजर टाका. कॅम्पर केल्यावर लोक त्याच्याभोवती कॅरिअर, सोलर पॅनल, ताडपत्री लावतात आणि त्याचा श्वास कोंडतो. चारी बाजूंनी वीतभर मोकळं ठेवा. समुद्राजवळ गाडी उभी राहत असेल, वरळी-वर्सोव्याकडे किंवा कोकणातल्या मुक्कामात, तर परतल्यावर कंडेन्सर साध्या पाण्याच्या बारीक धारेने धुवा. खारी हवा त्याची पाती पोखरते. प्रेशर वॉशर नको, पाती आडवी होतात.

जीवाशी खेळ होऊ नये म्हणून

रात्री इंजिन चालू ठेवून एसीत झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो. चालत्या गाडीतही छतावरचा हवा बाहेर फेकणारा पंखा लावून बाकी सगळं बंद ठेवलं, तर मागच्या दाराच्या फटीतून सायलेन्सरचा धूर आत ओढला जातो. मागच्या दाराचं रबर आणि तळातली भोकं तपासा, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बिछान्याच्या उंचीवर लावा. मुक्कामाला थंडावा हवाच असेल तर बाहेरून वीज घेऊन चालणारा वेगळा एसी हा एकच मार्ग मी सुचवेन.

लांबच्या प्रवासात फ्लॅप सतत बंद ठेवू नका. पाचजण बसलेल्या बंद गाडीत हवा शिळी होते आणि ड्रायव्हरला पेंग येते. अर्ध्या तासाने पाच मिनिटं बाहेरची हवा घ्या.

गॅसच्या नळ्या स्वतः सोडू नका, आतला दाब आणि थंडी हाताला इजा करते. आणि टप कापून नवं युनिट बसवायचा विचार असेल तर आधी आरटीओत विचारा. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असे बदल परवानगीशिवाय करता येत नाहीत.

सगळं झाल्यावर पुन्हा तीच पिशवी, तोच थर्मामीटर, तीच वेळ. माझ्या शेवटच्या लूव्हरवर १४ सेकंदांची पिशवी ५ सेकंदांत फुगली, आणि वीस मिनिटांत बिछान्यावर २६ अंश आले, जिथे आधी ३१च्या खाली कधी उतरलं नव्हतं. सगळा खर्च गॅसच्या त्या दोन खेपांपेक्षा कमी झाला. आकड्यांची वही गाडीतच ठेवा. मी दर मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आठही लूव्हर मोजतो, जूनमध्ये पाऊस लागण्याआधी पाण्याच्या नळ्यांत ग्लासभर पाणी ओतून बघतो, आणि ऑक्टोबरचं ऊन तापायच्या आधी जाळी उतरवून धुतो.